बल, वस्तुमान आणि त्वरण : सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववीत बल आणि गतीच्या नियमांचा धडा सुरू झाला की माझा फोन वाजायला लागतो. बेळगाव शहरातून, खानापूर-नंदगडकडून, निपाणी-चिक्कोडीकडून प्रश्न येतात. मुलांचे जास्त असतात, पण पालकांचे, ट्रॅक्टर चालवणाऱ्यांचे आणि उद्यमबागेत मशीनवर काम करणाऱ्यांचेही असतात. तेच तेच प्रश्न फिरून येतात म्हणून ते इथं एकत्र मांडले आहेत. प्रश्नांचे शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथं त्याचा क्रमांक दिलाय. हिशेबात गुरुत्वत्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलंय.

१. बल म्हणजे नक्की काय? आम्ही ताकद, जोर, शक्ती, दाब सगळं एकाच अर्थानं वापरतो.

बोलताना ते चालतं, गणित मांडताना चालत नाही. बल म्हणजे ढकलणं किंवा ओढणं, आणि त्याला दिशा असते. तेच बल किती जागेवर पसरलंय हे पाहिलं की त्याला दाब म्हणतात. काम किती झपाट्यानं होतंय ते सांगते ती शक्ती (प्रश्न १०). एक गोष्ट आधीच पक्की करून ठेवा. बल कुणाच्या अंगात साठवलेलं नसतं. बैलाच्या अंगात ताकद असते, बल मात्र बैल आणि जू यांच्यामध्ये असतं. ओढायला समोर काहीच नसेल तर बलही नाही.

२. सूत्र पाठ आहे. त्याचा अर्थ साध्या शब्दांत सांगाल काय?

पुस्तकात 'बल = वस्तुमान × त्वरण' असं असतं. मी मुलांना ते फिरवून लिहायला सांगतो: त्वरण = निव्वळ बल ÷ वस्तुमान. असं लिहिलं की कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे डोळ्यांना दिसतं. वस्तूवर लागलेली सगळी बलं दिशेसकट जमेस धरायची, जे उरेल ते निव्वळ बल. ते जितकं जास्त तितका वेग झपाट्यानं बदलतो. वस्तुमान जितकं जास्त तितका तो बदलायला कंटाळा करतो. रिकामी हातगाडी एका धक्क्यात पळते आणि कांद्याची पोती लादलेली तीच गाडी त्याच धक्क्यात जेमतेम हलते. त्यात सगळं सूत्र आलं.

'निव्वळ' हा शब्द मुलं गाळतात, आणि निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात.

३. त्वरण म्हणजे जोरात पळणं ना?

नाही. त्वरण म्हणजे वेगातला बदल, दर सेकंदाला किती तो. बसस्थानकातून निघालेली बस १० सेकंदांत थांबल्या जागेवरून ताशी ३६ किलोमीटरवर आली, म्हणजे सेकंदाला १० मीटरवर आली, तर तिचं त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग. तीच बस महामार्गावर सरळ रस्त्यानं ताशी ८० वर एकसारखी धावत असेल तर त्वरण शून्य. वेग जास्त आहे, पण बदलत नाही. ब्रेक लावल्यावरही त्वरण असतंच, फक्त ते गतीच्या उलट दिशेला असतं. आणि वेगाचा आकडा तोच ठेवून नुसती दिशा बदलली तरी त्वरण असतं, त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

४. आमच्या पुस्तकात 'त्वरण' आहे, शेजारच्या मित्राच्या कन्नड पुस्तकात 'वेगोत्कर्ष', आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेलेली ताई 'ॲक्सिलरेशन' म्हणते. खरं कुठलं?

तिन्ही एकच. आपल्या भागातल्या मुलाला हे तीन शब्दसंच वाहावे लागतात आणि त्याचं ओझं मला रोज दिसतं. विषय समजलेला हुशार मुलगा पीयूसीच्या पहिल्या महिन्यात केवळ शब्दांपायी गप्प बसतो. म्हणून वहीच्या मागच्या पानावर हे लिहून ठेवा. मराठीतलं बल कन्नडमध्येही बलच, इंग्रजीत फोर्स. वस्तुमान म्हणजे कन्नडमध्ये द्रव्यराशी, इंग्रजीत मास. त्वरण म्हणजे वेगोत्कर्ष, ॲक्सिलरेशन. जडत्व दोन्हीकडे जडत्वच, इंग्रजीत इनर्शिया. वजनाला कन्नडमध्ये तूक म्हणतात, इंग्रजीत वेट. आणि सांभाळा: दिशा न धरता मोजलेल्या वेगाला मराठीत चाल म्हणतात, कन्नडमध्ये जव. दिशेसकट असेल तर दोन्ही भाषांत वेगच.

५. वस्तुमान आणि वजन वेगळं कसं? दुकानात तर किलोनंच वजन करतात.

वस्तुमान म्हणजे वस्तूत द्रव्य किती आहे ते, किलोग्रॅममध्ये. वजन म्हणजे पृथ्वी तिला खाली किती बलानं ओढते ते, आणि ते न्यूटनमध्ये. ५० किलोच्या पोत्याचं वजन ५० × ९.८ म्हणजे ४९० न्यूटन. बाजारात आपण वस्तुमान विचारतो आणि त्याला वजन म्हणतो. व्यवहारात त्यानं कुणाचं नुकसान होत नाही, कारण काटा आणि गिऱ्हाईक दोघंही एकाच गावात उभे असतात.

दोन पारड्यांचा तराजू आणि ताणकाटा यांत मात्र फरक आहे. तराजू एका वस्तुमानाची दुसऱ्या वस्तुमानाशी तुलना करतो, म्हणून तो चंद्रावर नेला तरी किलोची साखर किलोच भरेल. ताणकाट्याची स्प्रिंग बल मोजते आणि आकडा किलोत दाखवते. चंद्रावर तो एक षष्ठांशच दाखवील. साखर कारखान्याच्या गेटवरचा वजनकाटाही मुळात बलच मोजतो. पृथ्वीवरसुद्धा गुरुत्वत्वरण सगळीकडे सारखं नाही. विषुववृत्तावर ते ९.७८ आहे, ध्रुवांवर ९.८३, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या आपल्या बेळगावात ९.७८ च्या आसपास.

६. एक न्यूटन म्हणजे किती? हाताला जाणवेल असं सांगा.

तळहातावर साधारण १०० ग्रॅमची वस्तू ठेवा, एखादं छोटं लिंबू किंवा कुंद्याची लहानशी पुडी. ती तळहाताला जितकं खाली दाबते ते जवळपास १ न्यूटन. व्याख्या अशी: १ किलोग्रॅम वस्तुमानाला १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण देणारं बल म्हणजे १ न्यूटन. या एककाला न्यूटन हे नाव १९४८ साली मिळालं. किलोग्रॅमचं माप पॅरिसजवळ जपलेल्या धातूच्या एका दंडगोलावर अवलंबून होतं. २० मे २०१९ पासून ते निसर्गातल्या एका स्थिरांकावरून ठरतं.

७. गाडी एकसारख्या चालीनं चाललीय, म्हणजे त्वरण शून्य, म्हणजे बल शून्य. मग बैल दमायलेत की! ते कशाला?

माझ्याकडे आलेल्या प्रश्नांत हा मला सगळ्यात आवडतो. खानापूर भागातल्या एका मुलानं पहिल्यांदा विचारला आणि तेव्हापासून मी धडा इथूनच सुरू करतो.

शून्य आहे ते निव्वळ बल, बैलांचं बल नव्हे. समजा भरलेल्या गाडीचं वस्तुमान १,००० किलो आहे आणि मुरमाच्या रस्त्यावर चाकं, आस आणि जमीन मिळून तिला ५०० न्यूटन अडवतात. बैल पुढं ५०० न्यूटन ओढतात, रस्ता मागं ५०० न्यूटन ओढतो, बेरीज शून्य, म्हणून वेग बदलत नाही. बैलांनी ओढ सोडली तर मागचे ५०० न्यूटन एकटे उरतील आणि गाडी मंदावून थांबेल. गाडी जागची हलवताना बैलांना ५०० पेक्षा जास्त ओढावं लागतं. सेकंदाला ०.२ मीटर प्रति सेकंद या दरानं वेग वाढवायचा असेल तर वरचे २०० न्यूटन, एकूण ७००. सुरुवातीला बैल मान खाली घालून, पाय रोवून ओढतात ते हेच.

ओल्या काळ्या रानात चाक रुतलं की अडवणारं बल कितीतरी पटींनी वाढतं. लाकडी चाकाच्या जागी टायर आणि बेअरिंग आल्यावर ते घटलं. वस्तुमान तेवढंच राहिलं, बैलांचे कष्ट कमी झाले.

आपल्या मनात रुजलेला समज असा असतो की जोर लावला तर वेग मिळतो आणि जोर थांबला की वेग संपतो. शेकडो वर्षं मोठमोठे विद्वानही तसंच समजत होते, कारण घर्षण डोळ्यांना दिसत नाही. बलामुळे मिळतो तो वेगातला बदल.

८. मग न्यूटनचा पहिला नियम वेगळा कशाला? निव्वळ बल शून्य तर त्वरण शून्य, हे दुसऱ्यातच आलं की.

गणितात आलं. पण दुसरा नियम, म्हणजे प्रश्न २ चं सूत्र, कुठं उभं राहून वापरायचा हे पहिला नियम सांगतो. वळण घेणाऱ्या किंवा ब्रेक दाबलेल्या बसमध्ये बसून मोजमाप केलंत तर मोकळा चेंडू कुणी न ढकलता घरंगळेल. अशा ठिकाणी दुसरा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. लिफ्टचं उदाहरण प्रश्न १६ मध्ये आहे.

९. उसाच्या ट्रॅक्टरवर एक गणित पूर्ण सोडवून दाखवा.

गळीत हंगामात हे गणित आपल्या डोळ्यांसमोर रस्त्यावर सुटत असतं. समजा ट्रॅक्टर आणि उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या मिळून २०,००० किलो आहेत आणि थांबल्या जागेवरून २० सेकंदांत ताशी १८ किलोमीटर गाठायचेत.

आधी एकक बदला: ताशी १८ किलोमीटर म्हणजे १८ ÷ ३.६ = ५ मीटर प्रति सेकंद. त्वरण ५ ÷ २० = ०.२५. निव्वळ बल २०,००० × ०.२५ = ५,००० न्यूटन. परीक्षेत इथं उत्तर संपतं, खरं गणित इथून सुरू होतं. डांबरी रस्त्यावर टायरचा अडथळा वजनाच्या सुमारे २ टक्के धरला तर २०,००० × ९.८ × ०.०२ = ३,९२० न्यूटन. म्हणजे चाकांनी ५,००० + ३,९२० = ८,९२० न्यूटन ढकललं पाहिजे.

आता चढ घ्या, २० मीटर चालल्यावर १ मीटर उंची मिळेल असा. वजनाचा विसावा भाग उताराच्या दिशेनं मागं खेचतो: १,९६,००० ÷ २० = ९,८०० न्यूटन. वेग न वाढवता नुसतं चढायलाच ९,८०० + ३,९२० = १३,७२० न्यूटन हवेत. ट्रॅक्टरची मागची चाकं एवढ्यानं रस्ता ढकलायला लागली आणि हुकाला ट्रॉल्या तेवढ्याच जोरानं मागं ओढायला लागल्या की पुढची चाकं उचलली जातात. ते दृश्य तुम्ही पाहिलं असेल. बोनेटवर माणसं बसवून चढ चढवणं हा त्यावरचा उपाय अजिबात नव्हे. चाक घसरलं किंवा हूक तुटला तर ती माणसं थेट खाली येतात. भार कमी करा किंवा ट्रॉल्या एकेक करून न्या.

१०. ५० एचपीचा ट्रॅक्टर म्हणजे त्याचं बल ५० का? आणि चढाला गिअर का उतरवतात?

एचपी हे शक्तीचं माप आहे. शक्ती = बल × वेग. ५० एचपी म्हणजे सुमारे ३७,३०० वॅट. वाटेत काही वाया जात नाही असं धरलं तरी मागच्या प्रश्नातल्या चढावर १३,७२० न्यूटन देताना हा ट्रॅक्टर ३७,३०० ÷ १३,७२० म्हणजे सेकंदाला २.७ मीटर, ताशी जेमतेम १० किलोमीटर जाऊ शकतो. गिअर उतरवला की वेग घटतो आणि त्याच शक्तीत बल वाढतं.

लोंढ्याकडचे लोक विचारतात की कॅसलरॉक ते कुळे या घाटात मालगाडीला जादा इंजिनं का जोडतात. त्या घाटाचा चढ ३७ ला १ आहे. दर टनामागं मागं खेचणारं बल ९,८०० ÷ ३७, म्हणजे सुमारे २६५ न्यूटन. सपाटीवर लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर टनामागं साधारण २० न्यूटन पुरतात. चढामुळे तेरा पट भर पडते, म्हणून मागूनही इंजिनं ढकलतात.

११. बैल गाडीला जितकं ओढतात तितकंच गाडी बैलांना मागं ओढते. मग दोघंही जागेवरच राहायला पाहिजेत ना?

ही दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत, म्हणून ती एकमेकांना खोडत नाहीत. दुसरा नियम लावताना एक वस्तू निवडायची आणि फक्त तिच्यावरची बलं मोजायची. गाडी निवडली तर पुढं बैलांची ओढ, मागं रस्त्याचा अडथळा. ओढ जास्त झाली की गाडी हलते. बैल निवडले तर मागं गाडीची ओढ, आणि पुढं? पुढं जमीन. बैल खुरांनी जमिनीला मागं ढकलतात, जमीन त्यांना पुढं ढकलते. गुळगुळीत ओल्या फरशीवर हेच बैल गाडी हलवू शकणार नाहीत.

आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती बघताना पैलवानांच्या हातांपेक्षा पायांकडं बघा. ९० किलोचा मल्ल ७० किलोच्या मल्लाला ज्या बलानं रेटतो, अगदी त्याच बलानं ७० किलोचा त्याला रेटत असतो. हे मुलांना पटत नाही, पण खरं आहे. फरक पडतो तो मातीशी. जड मल्ल जमिनीला जास्त दाबतो, म्हणून त्याचा पाय घसरायला जास्त बल लागतं. हलका मल्ल खाली वाकून, समोरच्याला वर उचलून त्याचा जमिनीवरचा भारच काढून घेतो. वस्तादांनी हे सूत्राविना ओळखलेलं आहे.

१२. जड वस्तू आधी पडते हे तर उघड आहे. मग पुस्तक उलटं का सांगतं?

जड वस्तूला पृथ्वी जास्त ओढते हे खरं. पण तिचं वस्तुमानही त्याच प्रमाणात जास्त, म्हणून भागाकार तोच येतो: ९.८. दगड आणि पान यांच्यात फरक पडतो तो हवेमुळे. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी हवा नसलेल्या चंद्रावर हातोडी आणि पीस एकदम सोडलं, दोन्ही एकदम टेकली.

गोकाकच्या धबधब्याची उंची सुमारे ५२ मीटर. हवा नसती तर वरून निघालेला पाण्याचा थेंब ३.३ सेकंदांत ताशी सुमारे ११५ किलोमीटर वेगानं खाली पोचला असता. प्रत्यक्षात घटप्रभेचं पाणी वाटेतच फुटतं, तुषार होतात आणि लहान थेंबांवर हवेचं बल त्यांच्या वजनाइतकं होतं. निव्वळ बल शून्य झालं की थेंब एकसारख्या वेगानं उतरतो. तुषार अंगावर मऊ लागतात ते त्यामुळे.

१३. ब्रेक दाबला की आपण पुढं फेकले जातो, ते कुठल्या बलानं? आणि हेल्मेटचा नियमाशी काय संबंध?

पुढं फेकणारं बल नसतंच. बस मंदावते आणि तुम्ही आधीच्याच वेगानं पुढं जात राहता, हे जडत्व. तुम्हाला थांबवायलाच बल लागतं. ते सीटकडून मिळालं तर बरं, काचेकडून मिळालं तर नको.

७० किलोचा माणूस ताशी ६० वरून, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटरवरून, ३ सेकंदांत थांबला तर त्याच्यावर सुमारे ३९० न्यूटन बल येतं. तोच ०.१ सेकंदात थांबला तर ११,७०० न्यूटन, म्हणजे अंगावर जवळपास १२ क्विंटल भार. वस्तुमान तेच, वेगातला बदल तोच, फक्त वेळ घटली.

हेल्मेट ती वेळ वाढवतं. समजा ५ किलोचं डोकं सेकंदाला ६ मीटरनं आदळलं. आतला फोम अडीच सेंटिमीटर दबला तर सरासरी बल ३,६०० न्यूटन. हेल्मेट नसताना थांबायला अर्धाच सेंटिमीटर मिळाला तर १८,००० न्यूटन. एकदा आदळलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी वापरू नका, दबलेला फोम पुन्हा दबत नाही. आणि पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याआधी निघून जातं. महामार्गावरून रोज ये-जा करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी हे पुन्हा पुन्हा सांगतो, आणि सांगत राहणार.

१४. भरलेला ट्रक रिकाम्या ट्रकपेक्षा उशिरा थांबतो ना?

इथं सूत्र आणि अनुभव भांडतात असं वाटतं. चाकं रस्त्यावर घसरत थांबत असतील तर अडवणारं घर्षण वजनाच्या प्रमाणात असतं. भार दुप्पट तर घर्षण दुप्पट, वस्तुमानही दुप्पट, म्हणून त्वरण तेच. घर्षणांक, म्हणजे घर्षण भागिले वजन, ०.७ असेल तर ताशी ६० वरून दोन्ही ट्रक साधारण २० मीटरांत थांबतील.

पण ब्रेकची स्वतःची मर्यादा असते. जास्त भाराचा ट्रक रोखायला ब्रेकनं जास्त बल दिलं पाहिजे, ते त्याच्या आवाक्याबाहेर गेलं की ट्रक उशिरा थांबतो. वंटमुरीचा घाट उतरताना सतत ब्रेक दाबला तर लायनर तापतात आणि पकड सुटते. म्हणून जाणते ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये उतरतात. तेव्हा तुमचं म्हणणं रस्त्यावर बहुधा खरं ठरतं, फक्त कारण वेगळं आहे. वेग दुप्पट झाला तर मात्र थांबायचं अंतर चौपट होतं, ट्रक भरलेला असो की रिकामा.

१५. चोर्ला घाटात काटा ताशी ३६ वरच आहे, तरी वळणावर त्वरण आहे म्हणता. कसं?

वेगाला दिशा असते, आणि वळणावर ती क्षणाक्षणाला बदलते. हे त्वरण वळणाच्या आतल्या बाजूला असतं आणि ते वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या इतकं असतं. सेकंदाला १० मीटर आणि २५ मीटर त्रिज्येचं वळण: १०० ÷ २५ = ४. गाडी आणि माणूस मिळून २०० किलो असतील तर ८०० न्यूटन आतल्या बाजूनं हवेत, आणि ते देणारं एकच आहे, टायर आणि रस्त्याचं घर्षण. कोरड्या रस्त्यावर ते १,३७० पर्यंत देऊ शकतं. पावसाळ्यात चिखल आणि शेवाळ असेल, घर्षणांक ०.३५ वर आला असेल, तर ६८६ न्यूटनच मिळतात. ८०० हवेत, ६८६ आहेत. गाडी घसरते. वेग ताशी २७ वर आणला तर ४५० न्यूटनच लागतात. चालीत पाव घट केली आणि गरज जवळपास निम्म्यावर आली.

'बाहेर फेकणारं' अपकेंद्री बल रस्त्यावर उभ्या माणसाला दिसत नाही. ते गाडीत बसलेल्याच्या हिशेबापुरतं आहे (प्रश्न ८ आणि १६).

१६. लिफ्ट वर निघताना अंग जड का होतं?

पायाखाली वजनकाटा ठेवा. ६० किलोच्या माणसाला लिफ्ट वरच्या दिशेनं १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण देत असेल तर काटा ६० × १०.८ = ६४८ न्यूटन मोजील, म्हणजे ६६ किलो दाखवील. एकसारख्या वेगानं चालली की पुन्हा ६०. वर पोचून थांबताना कमी. पृथ्वीची ओढ सगळ्या वेळी तीच असते, बदलतं ते जमिनीनं वर ढकलणं.

१७. घरी करून बघण्यासारखा प्रयोग सांगा.

टेबलावर ४०० ग्रॅमची खेळण्यातली गाडी, तिला दोरा, दोरा टेबलाच्या कडेवरच्या छोट्या कप्पीवरून खाली आणि टोकाला १०० ग्रॅमचं माप. सोडा आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये ६० सेंटिमीटर जायला लागलेला वेळ मोजा.

बहुतेक मुलं ०.९८ ÷ ०.४ = २.४५ असं त्वरण काढतात आणि ०.७० सेकंदाची वाट बघतात. वेळ जास्त येतो, मग प्रयोग चुकला म्हणून मला कळवतात. प्रयोग बरोबर असतो. खाली पडणारं मापही हलतंय, त्याचंही वस्तुमान धरायला हवं: ०.९८ ÷ ०.५ = १.९६, वेळ ०.७८ सेकंद. घर्षणामुळे त्याहून थोडा जास्तच येईल. आता गाडीत ५०० ग्रॅम ठेवा. एकूण वस्तुमान दुप्पट, त्वरण निम्मं, वेळ १.११ सेकंद. दुप्पट नाही, १.४ पट.

१८. हे सूत्र न्यूटननंच लिहिलं का?

या रूपात नाही. १६८७ च्या ग्रंथात न्यूटननं म्हटलं ते गतीतल्या, म्हणजे आजच्या शब्दांत संवेगातल्या (वस्तुमान × वेग), बदलाविषयी. बल = वस्तुमान × त्वरण अशी मांडणी पुढं ऑयलर या गणितज्ञानं १७५० च्या सुमारास केली.

१९. प्रकाशाच्या वेगाजवळ हे सूत्र चालत नाही म्हणतात. मग आपण चुकीचं शिकतोय का?

नाही. प्रकाशाच्या वेगाच्या दहाव्या भागावर गेलं तरी संवेगात फरक अर्ध्या टक्क्याचाच पडतो. सेकंदाला २५० मीटरनं उडणाऱ्या प्रवासी विमानासाठी तो १० लाख कोटी भागांत साडेतीन भाग इतका आहे. कुठल्याही मापानं तो दिसणार नाही.

२०. पाण्याचा टँकर गळतोय, म्हणजे वस्तुमान कमी होतंय. मग त्याचा वेग आपोआप वाढेल का?

उन्हाळ्यात गल्लोगल्ली टँकर फिरतात, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. वाढणार नाही. गळून पडणारं पाणी टँकरच्याच वेगानं पुढं जात असतं आणि आपल्या वाट्याचा संवेग घेऊनच खाली पडतं. टँकरला ते ना ढकलतं ना ओढतं. इंजिन तेवढंच बल देत राहिलं तर मात्र उरलेल्या कमी वस्तुमानाला जास्त त्वरण मिळेल.

याच्या उलटही करून बघा. सेकंदाला २ मीटरनं फिरणाऱ्या पट्ट्यावर वरून दर सेकंदाला २० किलो धान्य पडतंय. पट्ट्याचा वेग बदलत नाही, घर्षण नाही असं धरलं, तरी मोटारला २० × २ = ४० न्यूटन बल द्यावंच लागतं, कारण थांबलेल्या दाण्यांना दर क्षणी पट्ट्याच्या वेगावर आणायचंय. इथं 'त्वरण शून्य म्हणून बल शून्य' म्हणणारा फसतो. वस्तुमान बदलत असेल तर संवेगातला बदल मोजायचा.

रॉकेटला ही गळतीच हवी असते, पण खाली टाकलेली नव्हे, मागं जोरात फेकलेली. १४ जुलै २०२३ ला चंद्रयान ३ घेऊन गेलेल्या एलव्हीएम ३ रॉकेटचं उड्डाणावेळचं वस्तुमान सुमारे ६४० टन असतं. त्याच्या बाजूच्या दोन मोटारींतलं ४०० टनांहून जास्त इंधन साधारण दोन मिनिटांत जळून मागं जातं.